सिव्हिलमध्ये कुणी ओळखीचं भेटलं तर?

"सिव्हिलमध्ये माझ्या आत्याची सून स्टाफ नर्स आहे. तिथे तपासणी केली तर संध्याकाळपर्यंत घरी कळेल." गुप्तरोगाची शंका घेऊन आमच्याकडे येणाऱ्या तरुणांकडून हे वाक्य थोड्याफार फरकाने नेहमी ऐकू येतं. नात्यातलं, सोसायटीतलं, गावाकडचं कुणीतरी दवाखान्यात असतंच. ज्याचं हे वाक्य आहे तो नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर, सिडकोत आईवडिलांसोबत राहणारा. लग्न दहा आठवड्यांवर आलेलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पाच आठवड्यांपूर्वी त्याचा कंडोमशिवाय संबंध आला होता. तीन आठवड्यांनी शिश्नावर एकच व्रण उठला, कडक कडेचा, अजिबात न दुखणारा. मेडिकलमध्ये "जखम झालीय" एवढंच सांगून त्याने अझिथ्रोमायसिन ५०० च्या तीन गोळ्या घेतल्या. व्रण भरत आला, पण मन स्वस्थ बसेना. त्याचा बेत ठरला होता: पंचवटी एक्सप्रेसने मुंबई, तिथली खासगी लॅब, खोटं नाव, सगळ्या टेस्ट एकदम आणि विषय संपला.

या बेतातली अडचण अशी की ही तपासणी एका फेरीत संपत नाही. आज रक्त, मग निकाल, गरज पडली तर इंजेक्शन, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. मुंबईला एकदा जाणं होतं, चारदा होत नाही, आणि अर्धवट सोडलेली तपासणी म्हणजे खोटा दिलासा. खोट्या नावाचा रिपोर्ट पुढच्या डॉक्टरला दाखवता येत नाही, त्याची मागच्या आकड्याशी तुलना करता येत नाही. शिवाय ज्या भीतीपोटी हे सगळं करायचं, ती लॅबमध्येही टळत नाही. बुकिंगला दिलेल्या मोबाइलवर रिपोर्टची लिंक येते, आणि तो मोबाइल घरात भावाच्या हातात असतो.

म्हणून त्याच्याशी पहिलं बोलणं झालं ते सिव्हिलमध्ये नेमकं कुणाला काय दिसतं यावर. केस पेपरच्या खिडकीवर "काय होतंय?" विचारलं तर "स्किनला दाखवायचंय" एवढं पुरतं. विभागाचं नावच त्वचा व गुप्तरोग असं आहे, आणि बाहेरच्या रांगेत नायटा, खरूज, मुरुम, केसगळतीवालेच जास्त असतात. त्या बाकावर बसलेला माणूस कशासाठी आलाय हे आत्याच्या सुनेलाच काय, शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. खिडकीवर आभा कार्ड विचारलं तर ते ऐच्छिक आहे, नको म्हणता येतं. मोबाइल नंबर स्वतःचाच द्यावा, वडिलांचा नाही. सोमवारी आणि सुटीच्या दुसऱ्या दिवशी गर्दी फार असते, मधला वार धरून सकाळी लवकर गेलेलं बरं.

एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, मोफत होते. तिथला समुपदेशक आधी बंद खोलीत बोलतो, संमती घेतो, मग रक्त. नमुन्याला पीआयडी, म्हणजे रुग्णाचा ओळख क्रमांक असतो. निकाल फोनवर किंवा नातेवाइकाला सांगत नाहीत, ज्याचा त्याला समोरासमोर सांगतात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि कुणाची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. आत्याची सून त्या दवाखान्यात नोकरीला आहे म्हणून कुणाचाही निकाल बाहेर सांगण्याचा हक्क तिला मिळत नाही. हे ऐकल्यावर तो खुर्चीत नीट टेकून बसला. ज्यांना सिव्हिल नकोच वाटतं त्यांनी १०९७ या मोफत हेल्पलाइनवर दुसरं केंद्र विचारावं, नाव न सांगता विचारता येतं.

आता गोळ्यांबद्दल, कारण खरी गडबड तिथे झाली होती. न दुखणारा एकच व्रण म्हटलं की आधी सिफिलिसचा विचार करावा लागतो. हा व्रण काहीही औषध न घेता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो, रोग मात्र रक्तात राहतो. त्यामुळे जी गोळी घेतली तिला श्रेय मिळतं आणि माणूस निर्धास्त होतो. काही महिन्यांत अंगावर, तळहात-तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं, आणि वर्षानुवर्षांनी हृदयाला किंवा मेंदूला इजा होऊ शकते. अझिथ्रोमायसिनला दाद न देणारे सिफिलिसचे जंतू आता जगात अनेक ठिकाणी आढळतात, म्हणून त्यावर भरवसा ठेवत नाहीत. परमा (गोनोरिया) असेल तर अशा अर्धवट गोळ्यांनी स्राव थांबतो, नमुन्यात जंतू सापडत नाहीत आणि आजार आत राहतो. तपासणीआधी गोळी नको, मलमही नको. मेडिकलमध्ये हातोहात मिळणाऱ्या तीन-औषधी मलमांत बहुधा स्टिरॉइड असतं, त्याने व्रणाचं रूपच बदलतं. घेतलंच असेल तर रिकामी पट्टी खिशात ठेवून डॉक्टरांना दाखवावी. त्याने तसं केलं. स्राव होत असेल तर तपासणीआधी दोन तास लघवी करू नये, नाहीतर नमुना धुऊन जातो.

त्याच्या तपासणीत एचआयव्ही निगेटिव्ह, हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, आणि सिफिलिसच्या दोन रक्तचाचण्यांपैकी आरपीआर १:१६ व टीपीएचए पॉझिटिव्ह आली. म्हणजे सिफिलिस.

आरपीआरचा आकडा नीट समजून घ्यावा, कारण पुढची सगळी भिस्त त्यावर आहे. १:१६ म्हणजे रक्तातला द्राव सोळा पट पातळ केला तरी चाचणी उमटते. उपचार लागू पडला की हा आकडा काही महिन्यांत निदान चौपट खाली यायला हवा, म्हणजे १:४ किंवा कमी. पुढच्या तपासण्या शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि त्याच चाचणीने करायच्या. एकदा आरपीआर, एकदा व्हीडीआरएल (सिफिलिसचीच दुसरी चाचणी) असं केलं तर आकडे जुळवता येत नाहीत.

उपचार एका दिवसाचा: बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, बहुतेक ठिकाणी दोन्ही कुल्ल्यांत १२-१२ लाख. आधी अॅलर्जीबद्दल विचारतात, नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. इंजेक्शन दुखतं, दोन दिवस बाइकवर बसणं जड जातं, त्यामुळे रात्रपाळीच्या आधी घेऊ नये. पहिल्या २४ तासांत थंडी-ताप, अंगदुखी येऊ शकते. ती पेनिसिलिनची अॅलर्जी नसते, मरणाऱ्या जंतूंमुळे येते आणि पॅरासिटामॉलने निभावतं. श्वास लागला किंवा अंगावर गांधी उठल्या तर मात्र लगेच कॅज्युअल्टी. पेनिसिलिन चालत नसेल तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, दोन आठवडे. पेनिसिलिन चालत असेल तर इंजेक्शनच सोयीचं, घरी गोळ्यांची पट्टी लपवावी लागत नाही.

मग त्याचा खरा प्रश्न आला, "लग्नाचं काय करू?" होणाऱ्या पत्नीशी संबंध आलेला नव्हता, म्हणजे तिला आजवर धोका नव्हता. पण पाचव्या आठवड्यातली एचआयव्हीची निगेटिव्ह शेवटची धरत नाहीत, कारण रॅपिड चाचणीत उमटायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. ते तीन महिने लग्नाच्या पंधरा दिवस आधी पुरे होत होते. ती तारीख त्याने मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये 'गाडी सर्व्हिसिंग' म्हणून टाकली. उपचारानंतरची पहिली आरपीआर मात्र लग्नानंतर येत होती. ती खाली आलेली दिसेपर्यंत कंडोम वापरायचा, आणि तो का हे बायकोला आधीच सांगावं असा आमचा आग्रह राहिला. त्याच्या वतीने समुपदेशक तिला फोन करत नाही. कसं सांगायचं याची तयारी मात्र दोन बैठकांत करून घेता येते. जिच्याशी संबंध आला होता तिलाही कळवायला हवं होतं. "माझी सिफिलिसची तपासणी पॉझिटिव्ह आली, उपचार झाला. तूही करून घे, मोफत होते," एवढाच मेसेज त्याने पाठवला.

ज्यांचा संबंध गेल्या ७२ तासांतला आहे त्यांनी हे सगळं वाचत बसू नये. सरळ सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत किंवा एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात जाऊन एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्यांविषयी विचारावं. कोर्स २८ दिवसांचा असतो आणि जितका लवकर सुरू तितका चांगला. एरवी गुप्तरोगाच्या तपासणीसाठी बायकांनी स्त्रीरोग ओपीडीतून जावं, पांढरं जाण्याच्या तक्रारीआड हीच तपासणी होते आणि कुणी भुवई उंचावत नाही.

गोपनीयतेची एक मर्यादा आधीच सांगायला हवी. वय १८ च्या आत असेल तर पॉक्सो कायद्याने डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. उपचार त्यामुळे थांबत नाहीत, तरी मुलाला किंवा मुलीला हे बोलण्याआधी ठाऊक असावं.

तीन महिन्यांची एचआयव्ही निगेटिव्ह आली. इंजेक्शननंतर तीन महिन्यांनी आरपीआर १:४ झाली. पुढची सहाव्या महिन्यात, नंतर वर्षाने. टीपीएचए बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते. पुढे परदेशी नोकरीच्या मेडिकलला किंवा बायकोच्या बाळंतपणात कुणी ती पाहून दचकलं तर दाखवायला इंजेक्शनच्या तारखेचा कागद आणि आरपीआरचे सगळे रिपोर्ट हवेत. त्याने त्यांचे फोटो काढून पासवर्डच्या फोल्डरमध्ये टाकले आणि मूळ कागद कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवले.