छोट्या मशीन शॉपमध्ये लीन, म्हणजे वाया जाणारं काम कमी करायची पद्धत, आणायचं तर सुरुवात फाइव्ह-एसपासून करावी का? कन्सल्टंट घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की चौदा कामगार आहेत, तीन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) आहेत, मशीन दिवसभर चालू असतात आणि तरीही माल वेळेत जात नाही. यातल्या ‘तरीही’वर माझं घोडं अडलं, म्हणून लिहायला बसले. मशीन दिवसभर चालू असतात म्हणूनच माल वेळेत जात नसेल, हे आधी तपासा.

फाइव्ह-एसने, म्हणजे जागा आवरून प्रत्येक वस्तूची जागा ठरवायच्या पद्धतीने, सुरुवात करू नका. पिवळे पट्टे मारून होतात, पान्यांच्या आकृत्या काढलेला बोर्ड भिंतीवर लागतो, ऑडिटला आलेला माणूस खूश होऊन जातो आणि रॅकमध्ये पडलेला माल तिथेच पडून राहतो. फक्त आता त्याला लेबल असतं.

मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला आमच्या घरच्या मशीन शॉपचे हिशेब आणि स्टोअर बघते. प्रॉडक्शन दिरांकडे. भाऊजींचं एकच म्हणणं, मशीन थांबलं की पैसा थांबला. एका जॉबवरून दुसऱ्यावर जायला सेटिंगमध्ये दोन-अडीच तास जायचे, म्हणून एकदा सेटिंग लागलं की ते महिना-दीड महिन्याचा माल एकदम काढून मोकळे व्हायचे. कागदावर हे बरोबर दिसतं. सेटिंगचा खर्च दोनशे नगांवर वाटण्यापेक्षा दोन हजारांवर वाटला की नगामागे किरकोळ वाटतो. पण त्या कागदावर फाउंड्रीला दिलेले कास्टिंगचे (ओतीव कच्च्या नगांचे) पैसे नसतात, सीसीवरचं (बँकेच्या कॅश क्रेडिटवरचं) व्याज नसतं, गंज धरू नये म्हणून चोपडलेलं तेल नसतं. आणि ज्याला आज फक्त पन्नास नग हवेत, त्याचा जॉब त्या दोन हजारांच्या मागे ताटकळतोय, हेही नसतं. तुमचा उशीर बहुतेक इथेच आहे.

गंमत म्हणजे बँकही भाऊजींच्याच बाजूची. स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला मीच भरते. स्टॉक जास्त दिसला की ड्रॉइंग पॉवर वाढते, म्हणजे खात्यातून जास्त रक्कम उचलता येते. त्यामुळे रॅक भरला की घरात सगळ्यांनाच श्रीमंत झाल्यासारखं वाटायचं. मी म्हणायचे, हा माल विकलेला नाही, आपण तो व्याज भरून सांभाळतोय. त्यावर ‘वहिनी, तुम्ही पुस्तकातलं बोलता’ हे उत्तर ठरलेलं.

मग पुण्याकडच्या एका गिऱ्हाइकाने ड्रॉइंगचं रिव्हिजन (आवृत्ती) बदललं. बोअर (आतलं भोक) दोन मिलीमीटरने लहान झालं. मोठं झालं असतं तर सगळे नग परत मशीनवर चढवले असते. कापून झालेलं लोखंड परत कुठून भरणार? शेड्यूलमध्ये होता तेवढा माल त्यांनी उचलला, वरचा आमच्या बोकांडी. ज्या फाउंड्रीकडून कास्टिंग घेतलं, तिलाच ते किलोच्या भावाने वितळवायला दिलं. एकही नग खराब नव्हता, सगळे गेजमध्ये पास. रिजेक्शनच्या रिपोर्टमध्ये त्या महिन्यात आमची कामगिरी झकास होती!

लीनमधले सात वेस्ट, म्हणजे वाया घालवण्याचे सात प्रकार, तुम्हाला पाठ असतील. टोयोटाच्या ताइइची ओनोंनी त्यात गरजेपेक्षा जास्त बनवणं सगळ्यात वाईट मानलं ते उगाच नाही. जास्त बनवलं की ते ठेवायला जागा लागते, उचलायला माणूस लागतो, शोधायला वेळ लागतो, आणि त्यातला दोष गिऱ्हाइकाकडे जाईपर्यंत कुणाला दिसत नाही. बाकीचे वेस्ट बहुतेक याचीच पिलावळ.

एवढं होऊनही भाऊजींचा निष्कर्ष काय, तर कपॅसिटी कमी पडते, आणखी एक सीएनसी घेऊ. कोटेशनही आलं होतं. तेव्हा मी मोबाईल घेऊन मशीनपाशी उभी राहिले आणि आमच्या सेटरमामांच्या एका सेटिंगचं अख्खं शूटिंग केलं. मामांना आधी सांगितलं होतं की चूक तुमची शोधत नाही, नाहीतर कॅमेऱ्यापुढे कुणीही भराभर हात चालवतो. अडीच तासांतला मशीनवरचा खरा वेळ निम्माही नव्हता. सॉफ्ट जॉ (नग पकडायचे जबडे) कपाटात एकात एक मिसळलेले, ते हुडकण्यात वेळ. प्लग गेज (भोक तपासायचं माप) पलीकडच्या शेडमध्ये क्वालिटीकडे. इन्सर्ट (कापायची पाती) कुलपात आणि किल्ली भाऊजींच्या खिशात, भाऊजी बाहेर गेलेले. पहिला पीस पास होऊन यायची वाट बघण्यात मामांचा चहा झाला.

जपानी इंजिनियर शिगेओ शिंगोंनी टोयोटात १९६९ मध्ये हजार टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं होतं. तत्त्व साधं आहे. मशीन थांबवूनच करावं लागणारं काम वेगळं काढायचं आणि बाकी सगळं आधीचा जॉब चालू असतानाच उरकायचं. आम्ही प्रत्येक पार्टचे जॉ वेगळे करून त्यावर नंबर पंच केले. जॉ, गेज, इन्सर्ट, ड्रॉइंग असं सगळं एका ट्रॉलीवर मांडून ती आधीच मशीनजवळ न्यायची ठरली. पहिला पीस तपासायला क्वालिटीचा मुलगा मशीनपाशी येऊ लागला. नवीन काही विकत आणलं नाही, ट्रॉलीसुद्धा भंगारातल्या अँगलची. सेटिंग पाऊण तासाच्या आत आलं आणि आठवड्याला जाईल तेवढाच माल आठवड्याला काढणं परवडू लागलं. कोटेशन फाईलला लागलं.

आता तुमचा कन्सल्टंट. घ्या, पण वरचं शूटिंग स्वतः केल्यावर. केंद्र सरकारची एमएसएमईसाठीची (लहान-मध्यम उद्योगांसाठीची) लीन योजना २०२३ पासून नव्या रूपात आहे, त्यात कन्सल्टंटच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकार उचलतं; उद्यम नोंदणी मात्र हवी. आमच्याकडे आलेले गृहस्थ शूटिंग बघायच्या आधीच पिवळ्या रंगाचा डबा मागत होते. सगळेच तसे नसतील.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमची अडचण कास्टिंगमधल्या ब्लोहोलची (आतल्या हवेच्या पोकळ्यांची) असेल तर सेटिंग कितीही कमी करा, उपयोग नाही, आधी फाउंड्रीत जाऊन बसा. आणि लीन म्हणजे रॅक मोकळाच हवा, असं समजू नका. फेब्रुवारी १९९७ मध्ये टोयोटाला सुटे भाग देणाऱ्या आयसिनच्या कारियातल्या कारखान्याला आग लागली, ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह मिळेना आणि खुद्द टोयोटाचे प्लांट काही दिवस बंद पडले. फाउंड्री बेभरवशाची असेल तर कच्चं कास्टिंग थोडं जास्त ठेवाच. कास्टिंग कच्चं असेपर्यंत बदललेल्या ड्रॉइंगला निदान काही वाव असतो. तयार माल साठवा असं गिऱ्हाईकच म्हणत असेल, तर किती नग आणि रिव्हिजन बदललं तर पैसे कोण देणार, हे मेलवर लिहून घ्या. तोंडी ‘हो हो’ चालत नाही.

भाऊजी हल्ली असोसिएशनच्या मीटिंगमध्ये सेटिंगचा हा किस्सा रंगवून सांगतात, त्यात मोबाईल त्यांच्याच हातात असतो. ते असो. पण घरात अजून म्हणतात, त्या वर्षी ऑर्डरच कमी होत्या म्हणून मशीन घ्यावं लागलं नाही. डिस्पॅच रजिस्टर माझ्या कपाटात आहे. त्या वर्षी आधीच्या वर्षापेक्षा माल जास्तच गेलाय. माझी उत्तरं ते वाचतात, म्हणून इथे लिहून ठेवलं.