घड्याळाचा स्टीलचा पट्टा सैल होतोय? आधी क्लॅस्प (पट्टा बंद करायचा खटका) बघा

कड्या काढायची घाई करू नका. बऱ्याच क्लॅस्पच्या कडेला ३-४ बारीक भोकं असतात. तिथली स्प्रिंगची पिन टूथपिकने दाबून एक भोक सरकवली की दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि बहुतेकांना तेवढंच पुरतं. दाबताना वर बोट ठेवा, नाहीतर पिन उडून सोफ्याखाली जाते.

माप दुपारी घ्या. पुण्यातल्या एप्रिलच्या उन्हात मनगट फुगतं. सकाळी नेमका बसलेला पट्टा चार वाजता काचतो. क्लॅस्प लावल्यावर करंगळी जेमतेम आत जायला हवी.

तरीही सैल असेल तर:
- कड्यांच्या आतल्या बाजूचे बाण बघा. कड्या जोडणारी पिन बाणाच्या दिशेने बाहेर काढायची, घालताना उलट दिशेने.
- कडेला स्क्रूची खाच दिसली तर ठोकू नका, फिरवून काढा.
- दोन्हीकडून सारख्या कड्या काढा. एक जादा काढायची असेल तर शक्यतो डायलवरच्या सहाच्या आकड्याकडची.

काही सेको, सिटिझन घड्याळांमध्ये पिनेवर तांदळाच्या कणीएवढी नळी असते. ती हरवली की पिन धरत नाही आणि घड्याळ हातातून सुटतं. म्हणून खाली पांढरं फडकं अंथराच. पिन हलतच नसेल तर लक्ष्मी रोडवरच्या घड्याळवाल्याकडे न्या, पाच-दहा मिनिटांचं काम. काढलेल्या कड्या मात्र मागून घ्या.