शाळेतल्या एचआयव्ही-लैंगिकता शिबिराचा मुलांना खरंच उपयोग झाला का, हे कसं तपासायचं?

तुम्ही शहाद्याकडच्या आश्रमशाळेत शिकवता, नववीचं तीन दिवसांचं शिबिर झालं आणि आता संस्था 'परिणाम दाखवा' म्हणते, असं लिहिलंय. मी धुळे जिल्ह्यात समुपदेशक म्हणून शाळाशाळांत हेच काम केलं, म्हणून सांगतो.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी घेतलेल्या पेपरावर विसंबू नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं. कागदावर नाव, हजेरी क्रमांक, बाकांमधून सर फिरतायत. सगळ्यांची उत्तरं बरोबर. सहा महिन्यांनी तोच कागद दिला तर 'डास चावल्याने एचआयव्ही होतो का?' या प्रश्नाला कितीतरी जणांनी परत 'हो' लिहिलं. एक पोरगा बाहेर गाठून विचारतो, "सर, डास चावना ते व्हस ना?" पहिल्या पेपरात त्याचंही उत्तर बरोबरच असणार.

म्हणून पेपर तीनदा घ्या: आधी, लगेच नंतर आणि सहा महिन्यांनी. आधीचा राहिला असेल तर पुढच्या तुकडीपासून धरा. नाव नको, जन्मतारीखही नको, ती दाखल्यावर असते. आजोळच्या गावाची पहिली दोन अक्षरं आणि भावंडांची संख्या कोपऱ्यात लिहू द्या. कागद जुळतात, मूल ओळखू येत नाही.

प्रश्न राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या धर्तीवर ठेवा: निरोधाने धोका कमी होतो का, संसर्ग नसलेल्या एकाच जोडीदाराशी संबंध ठेवल्याने तो कमी होतो का, धडधाकट दिसणाऱ्याला एचआयव्ही असू शकतो का, आणि डास व एका ताटातलं जेवण हे दोन गैरसमज. 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी सुमारे 22 टक्के आणि पुरुषांपैकी 31 टक्केच या कसोटीला उतरले, तेव्हा पोरं कमी पडली म्हणून खचू नका.

'तू काही केलंस का' असं मात्र विचारू नका. 'मित्र आग्रह करतोय, तू काय म्हणशील?' असा प्रसंग द्या आणि स्वतःच्या शब्दांत लिहू द्या, अहिराणीत, पावरीत, कशातही. एखादं मूल अत्याचाराबद्दल बोललं तर पॉक्सो कायद्याने ते कळवावंच लागतं, म्हणून 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन आधी देऊन बसू नका.

आपल्याकडची खरी अडचण दिवाळीनंतरची. घरची माणसं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, मुलं पटावर असतात पण वर्गात नसतात. उरलेल्या नियमित मुलांचाच पेपर घेतलात तर निकाल आहे त्याहून चांगला दिसेल. गैरहजर किती, ते अहवालात लिहाच. शिवाय जिथे शिबिर अजून व्हायचंय अशा शेजारच्या शाळेतही तेच पेपर घ्या. तिथेही तेवढीच वाढ दिसली तर ती वयाची किंवा मोबाइलची असू शकते, शिबिराची नाही.

पालक म्हणतील, 'याने पोरं बिघडतात.' 2007 साली महाराष्ट्रात शाळांतला असा कार्यक्रम याच धास्तीने थांबला होता. युनेस्कोने 2018 च्या मार्गदर्शिकेत जगभरचे अभ्यास तपासून सांगितलंय की अशा शिक्षणाने लैंगिक संबंध वाढत नाहीत. हे पालकसभेत स्पष्ट बोला.

आणि प्रश्नपेटी ठेवा; चिठ्ठ्यांतले प्रश्न कसे बदलतात, त्यातूनही परिणाम दिसतो. आमची मुख्याध्यापकांच्या दाराशी होती तेव्हा महिनाभर रिकामी. पाण्याच्या टाकीमागे हलवली तर आठवड्यात चिठ्ठ्या पडल्या. आधीच्या बहुतेक चिठ्ठ्या डासाच्या, थुंकीच्या. काही महिन्यांनी वहीच्या फाटक्या पानावर एक आली: 'तपासणी कुठे होते? पैसे लागतात का?' दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला सांगितलं: सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट, आणि विचारायचं असेल तर 1097 या हेल्पलाइनवर.