स्लाइड बघण्याआधीचं काम

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

फॅटी लिव्हरमधल्या (यकृतात चरबी साठण्याच्या आजारातल्या) फायब्रोसिसवर, म्हणजे व्रणासारख्या तंतुमय ऊतीवर, अभ्यास करायचं ठरवलंस, फार चांगलं केलंस. आराखडा वाचला. संख्याशास्त्राच्या चाचण्यांना दोन पानं आहेत आणि ऊती कशी मिळणार, कशी हाताळणार याला दोन ओळी. हे प्रमाण बदल. बायॉप्सीत सुईने काढलेला तुकडा म्हणजे अख्ख्या यकृताचा साधारण ५०,०००वा भाग. त्यावरून साऱ्या अवयवाबद्दल बोलायचं, तर निदान तो तुकडा तरी पुरेसा हवा.

पुरेसा म्हणजे १६ गेज जाडीच्या सुईचा, २ ते ३ सेंटिमीटर लांब, आणि स्लाइडवर ११ तरी पूर्ण पोर्टल ट्रॅक्ट (रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका एकत्र जातात ते भाग) दिसतील असा. आखूड किंवा बारीक तुकड्यात आजार खरा असतो त्याहून सौम्य भासतो. हा निकष पहिली स्लाइड बघायच्या आधी लिहून ठेव. वगळलेला प्रत्येक नमुना आणि त्याचं कारण वहीत राहू दे. शस्त्रक्रियेत घेतलेल्या पाचरीसारख्या बायॉप्सी यात मिसळू नकोस. यकृताच्या आवरणाखाली तंतुमय ऊती मुळातच जास्त असते, तिथे नसलेला सिऱ्होसिस (यकृत व्रणांनी कडक, गाठाळ होणं) दिसू शकतो. शिवाय लांबलेल्या शस्त्रक्रियेत न्यूट्रोफिल्सचे (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे) पुंजके यकृतात जमतात आणि नवखा डोळा त्यांना लोब्युलर दाह (यकृताच्या लोब्यूल या छोट्या घटकांमधला दाह) म्हणून मोजतो.

तुकडा कोरड्या गॉझवर ठेवू देऊ नकोस, कडा वाळतात. लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, ऊतीच्या १० ते २० पट. कॅसेटमध्ये (ऊती ठेवायच्या जाळीदार डबीत) स्पंजखाली दाबला की ऊतीत त्रिकोणी भोकं पडतात, म्हणून पातळ कागदात गुंडाळायला सांग. मोठ्या नमुन्यांच्या लांबलचक प्रोसेसिंगमध्ये (ऊतीतलं पाणी काढून मेण भरण्याच्या प्रक्रियेत) सुईची बायॉप्सी गेली तर ती कडक होते आणि सेक्शनला (पातळ कापांना) चिरा जातात.

ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) कापायचा दिवस एकच ठेव. ब्लॉक मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) पुन्हा लावला की पृष्ठभाग समतल करण्यातच मौल्यवान ऊती वाया जाते. त्यामुळे ४ मायक्रॉनचे रंगवायचे आणि न रंगवलेले जादा सेक्शन एकाच बैठकीत काढून घे. एच अँड ई, मॅसन ट्रायक्रोम, रेटिक्युलिन, लोहासाठी पर्ल्स, आणि डायास्टेजसह पीएएस एवढे स्टेन (ऊतीतले वेगवेगळे घटक रंगवून दाखवणारे रंग) लागतील. प्रत्येक बॅचबरोबर कंट्रोल स्लाइड (रंग नीट बसला का हे तपासायची) हवीच. ट्रायक्रोमचा गडदपणा बॅचनुसार बदलतो. संगणकावर कोलॅजनची (फायब्रोसिसमध्ये साठणाऱ्या तंतुमय प्रथिनाची) टक्केवारी काढायची असेल तर सिरियस रेड हा स्टेन बरा. मात्र मोठ्या पोर्टल ट्रॅक्टभोवतीचं नैसर्गिक कोलॅजनही संगणक मोजतो. ते भाग आधी हाताने वगळावे लागतात, आणि हे कंटाळवाणं काम टाळलं की आकडे फुगतात.

आता गुण देण्याबद्दल. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एनएएस या, फॅटी लिव्हरच्या बायॉप्सीला गुण देण्याच्या, पद्धतीत चरबीला ० ते ३, लोब्युलर दाहाला ० ते ३ आणि बलूनिंगला (यकृतपेशी इजेने फुगण्याला) ० ते २ गुण असतात. फायब्रोसिसची श्रेणी, ० ते ४, वेगळी लिहायची. चरबी ५ टक्क्यांखाली असेल तर शून्य. दाहाचे पुंजके २० पटीच्या लेन्सखाली प्रत्येक फील्डमध्ये (एका वेळी दिसणाऱ्या भागात) मोजायचे. सर्वाधिक घोळ होतो तो बलूनिंगमध्ये. नुसती फुगलेली पेशी म्हणजे बलूनिंग नव्हे, ग्लायकोजेननेही पेशी फुगते. फिकट, विरळ, धाग्याधाग्यांसारखा पेशीद्रव शोध. शंका राहिली तर केराटिन ८/१८ चा (पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनांचा) स्टेन कर, बलूनिंग झालेल्या पेशीत तो नाहीसा होतो. आणि या गुणांची बेरीज म्हणजे निदान नव्हे. चरबी ३ आणि दाह २ मिळून ५ होतात, पण बलूनिंग शून्य असेल तर त्याला स्टिॲटोहेपॅटायटिस (चरबीसोबत दाह आणि पेशींना इजा) म्हणणं धाडसाचं आहे. बेरीज आणि निदान यांचे रकाने वेगळे कर.

दोन पॅथॉलॉजिस्टनी स्वतंत्रपणे, रक्ततपासणी किंवा इलॅस्टोग्राफीचे (यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीचे) आकडे न बघता वाचायला हवं. नोंदणी क्रमांकावर पट्टी चिकटव. काही आठवड्यांनी क्रम बदलून त्याच स्लाइड पुन्हा वाच, म्हणजे स्वतःशीच किती जुळतं ते कळेल. जुळणी मोजताना वेटेड कॅपा (मोठ्या मतभेदाला जास्त वजन देणारा जुळणीचा आकडा) वापर, कारण १ आणि २ मधला मतभेद आणि ० आणि ४ मधला मतभेद सारखे नसतात. एकत्र बसून एकमत करा, पण आधीचे स्वतंत्र गुण खोडू नका.

तक्त्यात शेवटचा एक रकाना 'इतर' असा मोकळा ठेव. १९७९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टना जठराच्या बायॉप्सीत वाकडे जिवाणू दिसले. आम्लात जिवाणू तग धरत नाहीत असा तेव्हाचा समज होता. त्यांनी सिल्व्हर स्टेनने ते पुन्हा पुन्हा पाहिले, नोंदले, आणि पुढे बॅरी मार्शल यांच्यासह २००५चं नोबेल मिळालं. ठरवलेल्या रकान्यांत न बसणारं दिसलं की तिथे लिही, तारखेसह.

पहिल्या १० नमुन्यांची लांबी, पोर्टल ट्रॅक्टची संख्या आणि दोघांचे गुण एवढंच आधी पाठव. त्यावर बोलू आणि मगच पुढचे ब्लॉक काप.

कळावे.