१२ लिटर की २० लिटर? त्याआधी भिंतीला प्लास्टिकचा एक तुकडा चिकटवा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तळमजल्यावरचं घर, कपाटातल्या चामडी पट्ट्यांवर पांढरी बुरशी, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, झोपायच्या खोलीत कुबट वास. डिह्युमिडिफायर (हवेतलं बाष्प ओढून त्याचं पाणी करणारं मशीन) १२ लिटरचा घ्यावा की २० लिटरचा, कपाटात ठेवायच्या छोट्या डब्यांवर भागेल का, घरात एसी आहेच तर त्याचा ड्राय मोड का नको, आणि रात्री चालू ठेवला तर आवाजाने झोप लागेल का.

थेट उत्तर: २० लिटरचा घ्या, कॉम्प्रेसरवाला. पण ऑर्डर दोन-तीन दिवस थांबवा. मी पहिलं मशीन घेतलं ते चुकीच्या कारणासाठी घेतलं होतं, म्हणून सांगतोय.

आमच्या एका भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे यायचे. दमटपणा, दुसरं काय, असं म्हणून मशीन आणलं आणि त्या भिंतीसमोरच ठेवलं. टाकी रोज भरायची, मी रोज खुश व्हायचो. चार महिन्यांनी पोपडे तर होतेच, वर भिंतीला मिठासारखी पांढरी पूडही फुटायला लागली. शेवटी भिंत फोडल्यावर कळलं, पलीकडच्या बाथरूमचा भिंतीतला पाइप झिरपत होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्यात खोली कोरडी ठेवून मी भिंतीतलं पाणी आणखी जोरात बाहेर ओढत होतो. ते पाणी पृष्ठभागावर उडून जायचं आणि त्यातले क्षार तिथेच राहायचे. ती पूड म्हणजे तेच क्षार.

तेव्हा आधी हे करा. जाड पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर तुकडा घ्या, भिंतीची संशयित जागा कोरड्या फडक्याने पुसा आणि तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवा जाणार नाही असा बसवा. दोन दिवस हात लावू नका. मग बघा, पाणी कुठल्या बाजूला आहे. खोलीकडच्या बाजूला दव धरलं असेल तर ओल हवेतली आहे, मशीनचा उपयोग होईल. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडून थेंब आले असतील तर प्लंबर किंवा गवंडी बोलवा. ती ओल मशीनने जाणार नाही.

याच दोन दिवसांत आर्द्रता मोजा. त्यासाठी छोटा डिजिटल हायग्रोमीटर पुरतो, पण दोन घ्या. स्वस्तातले हायग्रोमीटर पाच टक्के इकडेतिकडे सहज दाखवतात, म्हणून आधी घरच्या घरी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा (विरघळवायचं नाही). झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट डब्यात रात्रभर बंद ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या आसपास हवा. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता तेवढीच असते. तुमचा ७१ दाखवत असेल तर चार मिळवून वाचायचं, संपलं.

आता एक हायग्रोमीटर खोलीच्या मध्यावर ठेवा आणि दुसरा कपाटाच्या मागे सरकवा. आमच्याकडे मध्यावर ६१ होते आणि कपाटामागे ७७. हवा तीच, पाणी तेवढंच. खोली २६ अंशांवर होती, कपाटामागची बाहेरची भिंत २२ अंशांवर. गार हवेत बाष्प कमी मावतं, त्यामुळे तितक्याच पाण्याने टक्का वर जातो. बुरशी बघते तो टक्का तिच्या जागेवरचा, खोलीच्या मधला नव्हे. म्हणून मशीन येण्याआधीच कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. फुकटात होणारा सगळ्यात मोठा फरक हाच.

किती टक्के हवेत? ५० ते ५५ धरा. ६० च्या वर बराच काळ राहिलं की बुरशीला जोर येतो, आणि ५० च्या खाली गादीतल्या धुळीच्या किड्यांना जगणं अवघड होतं. उत्साहाच्या भरात ४० वर लावू नका. मशीन दिवसरात्र धावत राहील, विजेचा मीटरही, आणि लाकडी वस्तूंना तडे जायची भीती ती वेगळीच.

आता लिटरचा हिशेब, कारण खरी फसगत इथे होते. खोक्यावरचे '१२ लिटर' म्हणजे २४ तासांत जास्तीत जास्त निघणारं पाणी, आणि तेही बहुतेकदा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना. तुमची खोली ५५ टक्क्यांवर आली की तेच मशीन निम्म्याच्या आसपास पाणी काढेल. खोली २० अंशांची असेल तर त्याहूनही कमी. अमेरिकेत २०१९ साली चाचणीचं तापमान सुमारे २७ अंशांवरून १८ अंशांवर आणलं, तेव्हा ज्या मशीनवर ७० पाइंट (एक पाइंट म्हणजे साधारण अर्धा लिटर) लिहिलेलं असायचं त्याच ताकदीच्या मशीनवर ५० लिहावं लागलं. म्हणून दोन मशीनची तुलना करताना लिटरच्या शेजारी बारीक अक्षरात कुठलं तापमान आणि किती टक्के लिहिलंय ते बघा. काहीच लिहिलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्या.

तुमची खोली १२ बाय १२, उंची १० फूट धरू. म्हणजे साधारण ४० घनमीटर हवा. तापमान २८ अंश असेल तर ८५ टक्क्यांवरून ५५ वर यायला घनमीटरमागे ८ ग्रॅमच्या आसपास पाणी काढावं लागतं. सगळ्या खोलीचं मिळून सव्वातीनशे ग्रॅम, मोठा पेलाभर! हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता, कारण टाकीत तर रोज लिटरने पाणी साठत होतं.

ते पाणी बाहेरून येतं. दाराखिडक्यांच्या फटींतून दर तासाला निम्मी हवा जरी बदलली, तरी बाहेरची दमट हवा दिवसभरात चार लिटर पाणी आत आणते. तासाला पूर्ण हवा बदलत असेल तर आठ लिटर. त्यात माणसं आली: झोपलेला माणूस श्वासातून आणि घामातून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास सोडतो. एका धुण्याचे कपडे आत वाळवले तर दोन लिटर. स्वयंपाकाचा गॅस एक किलो जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं, कारण त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पाणीच बनतो. सगळं धरून तुमच्या त्या एका खोलीचं रोजचं ओझं सहा-सात लिटरचं. १२ लिटरचं मशीन तिथे जेमतेम पुरेल आणि कधी बंदच होणार नाही. २० लिटरचं अधूनमधून थांबेल. या तर्काने मी २० म्हणतो. आणि याच तर्काने, मशीन चालू असताना खिडकी उघडी ठेवणं म्हणजे गळक्या होडीतून वाटीने पाणी उपसणं. बाहेरची हवा कोरडी असेल त्या दिवशी उलट करा, मशीन बंद आणि खिडक्या सताड उघड्या.

पहिल्या आठवड्यात पाणी अंदाजापेक्षा जास्त निघेल. गाद्या, कपडे, पुस्तकं, भिंतीचं प्लास्टर, सगळ्यांनी महिनोन्महिने पाणी पिऊन ठेवलेलं असतं. आमच्याकडे पहिल्या दिवशी टाकी तीनदा ओतली, आठव्या दिवसापासून एकदा. आकडा लगेच खाली येत नाही म्हणून मशीन खराब आहे असं समजून परत पाठवणारे मी पाहिलेत. आठ दिवस द्या.

प्रकारांबद्दल थोडक्यात. कॉम्प्रेसरवाल्यात हवा आधी गार नळ्यांवरून जाते, पाणी गळतं, मग तीच हवा गरम नळ्यांवरून बाहेर येते. उबदार हवेत हा सगळ्यात काटकसरी. १५ अंशांच्या खाली मात्र नळ्यांवर बर्फ धरतो आणि निम्मा वेळ तो वितळवण्यात जातो. तुमचं घर थंडीत तितकं गार होत असेल तर डेसिकंट प्रकार बघा: त्यात झिओलाइटचं किंवा सिलिका जेलचं चाक फिरत राहतं, पाणी शोषतं, आणि आतला हीटर ते चाक पुन्हा वाळवतो. गारव्यात उत्तम, वीज जास्त खातो. तिसरे ते पेल्टियरवाले (कॉम्प्रेसर नाही, विजेने एका बाजूने गार होणारी छोटी चकती असते), दिसायला गोंडस, आवाज नाही, आणि दिवसाला पाव ते अर्धा लिटर काढतात, तेही हवा चांगलीच दमट असेल तर. वरचा सहा-सात लिटरचा हिशेब आठवा. खोलीसाठी ते घेऊ नका.

कपाटातले छोटे डबे म्हणजे बहुधा कॅल्शियम क्लोराइड, हवेतलं पाणी शोषून घेणारा क्षार. बंद कपाटात चांगलं काम करतात. फक्त आत साठणारं पाणी हे तीव्र खारट द्रावण असतं. डबा कलंडला की चामडं आणि धातू दोन्ही खराब. खालच्या कप्प्यात, तबकडीत ठेवा. दार नीट बंद होत नसलेल्या कपाटात ठेवून उपयोग नाही.

एसीबद्दल. तुमची शंका बरोबर आहे, दोन्ही यंत्रं पाणी एकाच तऱ्हेने काढतात. गंमत म्हणजे विलिस कॅरियरने १९०२ साली जे यंत्र आखलं ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, कागद दमट हवेने फुगू-आक्रसू नये म्हणून. माणसांना गार वाटावं हा हेतू नव्हता. फरक इतकाच की एसी उष्णता बाहेर फेकतो आणि डिह्युमिडिफायर ती खोलीतच सोडतो. उकाडा आणि दमटपणा दोन्ही असेल तर एसीच लावा. पण हवा गार असून दमट आहे, अशा दिवशी एसी दहा मिनिटांत ठरलेल्या तापमानाला पोचतो, कॉम्प्रेसर थांबतो, आणि पंखा चालू राहिला तर नळ्यांवरचं पाणी पुन्हा खोलीत उडतं. खोली थंडगार, अंथरूण ओलसर. तिथे डिह्युमिडिफायर लागतो.

मात्र त्याने खोली गरम होणार, हे आधीच लक्षात ठेवा. एक लिटर बाष्पाचं पाणी होताना पाऊण युनिटच्या जरा खाली इतकी उष्णता बाहेर पडते, आणि मशीनने खाल्लेली वीज त्यात मिळते. बंद खोलीत दोन-तीन अंशांचा फरक सहज जाणवतो.

ठेवायचं कुठे? भिंतीपासून फूटभर दूर, पडद्यांपासून लांब, जमेल तितकं मध्यावर. प्लग थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. तासन्‌तास चालणारी वस्तू साध्या एक्स्टेन्शनवर नको. मशीन आणताना आडवं झालं असेल तर उभं करून काही तास, शक्यतो दिवसभर थांबा, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर येतं. आणि मशीनच्या स्वतःच्या पडद्यावरच्या टक्क्यावर विसंबू नका. सेन्सर गरम पोटाशी बसलेला असतो. तुमचा मीठ लावून तपासलेला हायग्रोमीटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि त्यावरून सेटिंग ठरवा.

टाकी ओतायचा कंटाळा येतोच, मग आपण ड्रेनचा पाइप जोडतो. मीही जोडला. पाइप बाथरूमच्या उंबऱ्यावरून नेला. उंबरा मशीनच्या नळीपेक्षा दोन बोटं उंच होता, हे मला रात्री दोन वाजता कळलं, पाय ओल्या सतरंजीवर पडला तेव्हा. पाइप जोडलेला असल्यामुळे पाणी टाकीत जात नव्हतं, म्हणजे टाकी भरल्यावर मशीन थांबवणारा तरंगता स्विच उठायचा प्रश्नच नव्हता. मशीन इमानदारीत पाणी काढत राहिलं आणि खाली सोडत राहिलं. आता मशीन वीतभर उंच स्टुलावर आहे, पाइप पूर्ण उतारावर, मध्ये कुठे झोळ नाही. जोडल्यावर आधी नळीतून पेलाभर पाणी ओतून ते शेवटपर्यंत जातं का बघा.

देखभाल म्हणाल तर दोन आठवड्यांनी जाळी काढून धुवा, टाकी साबणाने घासा. टाकीतलं पाणी पिऊ नका, भाजीपाल्याच्या झाडांनाही घालू नका. धूळ, जंतू, नळ्यांच्या धातूचे अंश, सगळं त्यात उतरतं. फरशी पुसायला बेलाशक वापरा.

पट्ट्यांवरची बुरशी मशीनने मरणार नाही, फक्त वाढायची थांबेल. ती कोरड्या ब्रशने झटकू नका, घरभर उडेल. मास्क लावून, ओल्या फडक्याने, थोडा साबण घेऊन पुसा आणि पूर्ण वाळवूनच कपाटात ठेवा. कपड्यांसाठी सगळ्यात लहान खोली निवडा, दार बंद, दोरीवर कपड्याकपड्यात हाताचं अंतर, खाली मशीन आणि एक पंखा. जीन्ससुद्धा संध्याकाळी लावली तर सकाळी घालता येते.

राहिला आवाज. कॉम्प्रेसरवालं कुठलंही मशीन साधारण जुन्या फ्रिजइतकं घरघरतं, आणि मधूनच चालू-बंद होताना दचकवतं. मी झोपायच्या खोलीत ते दुपारी चार ते रात्री दहा चालवतो, दार लावून, आणि झोपताना बंद करून बैठकीत नेतो. खोली सकाळपर्यंत ५२ वरून ६० च्या आसपास चढते, तितकं चालतं.