वाचकांचे प्रश्न: लग्न खळ्यात, फोटो पुळणीवर

तुळशीचं लग्न झालं की गुहागरजवळच्या आमच्या घरी धाकट्या बहिणीचं लग्न करायचं आहे. दोन्हीकडची मिळून चाळीस माणसं. मंगलाष्टकं समुद्रावर, सूर्य बुडताना व्हावीत अशी तिची हौस आहे. तारीख आणि वेळ कशी ठरवावी?
— एक वाचक, गुहागर तालुका

गुरुजींकडून मुहूर्ताच्या चार-पाच तारखा घ्या आणि त्यातली एक भरती-ओहोटी बघून निवडा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब तुमच्या घरातल्या कुणालाही ठाऊक असेल: पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे ऐन सूर्यास्ताला पूर्ण भरती, उभं राहायला जागा कमी. एकादशीला सव्वाआठ, तेव्हा सहा वाजता पाणी चढतच असतं. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी, साडेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी. त्या वेळी पुळण लांबवर उघडी पडते आणि ओल्या वाळूत आकाश उतरतं. त्यामुळे कार्तिक पौर्णिमा ते वद्य द्वितीया हे दिवस सगळ्यात सोयीचे. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून जवळच्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक एकदा पडताळून घ्या.

आता हौसेबद्दल. मंगलाष्टकं पुळणीवर नकोत, खळ्यात करा. दुपारी खारा वारा जोरात असतो, अंतरपाट शिडासारखा फुगतो आणि होमाची राख पाहुण्यांच्या डोळ्यांत जाते. खुर्च्यांचे पाय वाळूत रुततात, आणि आजी-आजोबांना शंभर पावलं वाळू तुडवणं म्हणजे शिक्षाच. भात झोडून झाला की खळं मोकळंच असतं. चोपून, सारवून घेतलेल्या जमिनीइतकी चांगली बैठक कुठलाही डेकोरेटर देणार नाही.

नोव्हेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास बुडतो, तेव्हा मुहूर्त साडेचारच्या आगेमागे मिळाला तर उत्तम. कुटुंबाचे एकत्र फोटो लग्न लागल्या लागल्या, सुरूच्या सावलीत उरका. ते मागे ठेवले की निम्मी माणसं पंगतीकडे वळलेली असतात. साडेपाच ते सव्वासहा फक्त वधूवर आणि फोटोग्राफर पुळणीवर. सूर्य बुडाल्यावरही वीसेक मिनिटं मऊ उजेड राहतो, लगेच गाशा गुंडाळू नका. कातळावर चढून फोटो काढायचे असतील तर ते आधी काढा, कारण ओहोटी सरली की पाणी मागच्या बाजूने येऊन वाट बंद करतं. गोरज मुहूर्तच हवा असेल तर पुळण दुसऱ्या दिवशी सकाळी गाठा. तेव्हाही ओहोटी असते, आणि डोंगरावरून वर आलेला सूर्य चेहऱ्यांवर पडतो.

मित्राचं लग्न अंगणात आहे, फोटो मी काढणार आहे. झावळ्यांच्या मांडवात आणि मावळतीच्या उन्हात चेहरे नीट येण्यासाठी काय करावं? माझ्याकडे एक कॅमेरा, दोन लेन्स आणि एक फ्लॅश आहे.
— एक वाचक, देवगड

मांडवापासून सुरुवात करा, कारण फोटो तिथेच बिघडतात. झापांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडतात, नवरीच्या कपाळावर एक आणि गालावर एक. कुठल्याही सेटिंगने ते जात नाहीत. मांडव घालतानाच झापांच्या खाली पांढरं मांजरपाट ताणून बांधायला सांगा. पावसाच्या भीतीने निळी ताडपत्री टाकतात, ती मात्र नको. सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात. ताडपत्री घडी करून बाजूला तयार ठेवा.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, ५५०० केल्विनच्या आसपास पक्का करा. ऑटोवर कॅमेरा हळद आणि संध्याकाळचं ऊन दोन्ही 'दुरुस्त' करायला जातो आणि हळद फिकी पडते.

वधूवर पूर्व-पश्चिम समोरासमोर उभे असतील तर एकाच्या तोंडावर ऊन आणि दुसऱ्याचं तोंड काळं, असं होणारच. तुम्ही उत्तरेला किंवा दक्षिणेला उभे राहा. ज्याच्या चेहऱ्यावर सावली आहे त्याच्याकडे उन्हाचा परावर्तित उजेड जाईल असा पांढरा थर्मोकोलचा तक्ता किंवा ताणलेलं धोतर धरायला एका भाच्याला उभं करा. वाऱ्यात एकटा माणूस पुरत नाही, दोघं ठेवा. एक फोटो मात्र चुकवू नका. मांडवाची पश्चिम बाजू उघडी आणि अंतरपाट पातळ सुती पांढरा असेल, तर खाली आलेल्या उन्हात पश्चिमेकडच्याची सावली, मुंडावळ्यांच्या लडींसकट, कापडावर उमटते. ती पूर्वेकडून, दुसऱ्याच्या खांद्यामागून टिपा. मुहूर्त पाचच्या पुढचा असेल तरच हे जमतं. त्याआधी सूर्य फार वर असतो.

अक्षता हवेत थांबलेल्या हव्या असतील तर शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान. १/१२५ ला त्यांच्या रेघा होतात. 'सावधान' ऐकून बटण दाबलंत तर उशीर होतो. शेवटच्या ओळीलाच सलग फोटो सुरू करा. पहिल्या एक-दोन अष्टकांना तालीम होऊन जाते.

खारा वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे होमाचा धूर पूर्वेकडे वाहतो. त्या बाजूला ना पाहुणे बसवा, ना स्वतः उभे राहा. दिवेलागणीला वारा पडतो आणि रात्री मतलई सुटते, मग दिशा उलटते. व्हिडिओ असेल तर माइक गुरुजींच्या उपरण्याच्या आत, केसाळ टोपी घालून. उघड्या माइकवर मंगलाष्टकांऐवजी वारा ऐकू येतो.

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते. बॅग अर्धा तास आधी पडवीत आणून ठेवा. पुळणीवर लेन्स बदलू नका. काचेवर खार बसला तर कोरडं फडकं फिरवू नका, आधी ब्लोअरने वाळू उडवा आणि मगच किंचित ओलसर कापडाने टिपा.

चाळीसच माणसं असली तरी परवानग्या लागतात का? ड्रोन उडवायचा आहे.
— एक वाचक, मालवण

स्वतःच्या अंगणात असाल तर मुख्य प्रश्न लाउडस्पीकरचा. त्यासाठी पोलिसांची लेखी परवानगी घ्या, आणि रात्री दहाला बंद. पुळणीवर मांडव, खुर्च्या, दिवे लावणार असाल तर आधी ग्रामपंचायतीत विचारा, पुढे कुणाकडे जायचं ते तिथे कळेल. ड्रोन कुठे उडवता येतो ते केंद्र सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरच्या नकाशात बघा; चिपी विमानतळामुळे तुमच्या भागात हे टाळून चालणार नाही. विवाहनोंदणीसाठी तीन साक्षीदार आणि गुरुजींची सही लागते, ती त्याच दिवशी घेऊन ठेवा. रात्री पुळणीवर मोठे दिवे लावू नका: नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येऊ लागतात आणि उजेडाने बिचकून परत फिरतात.

मांडव माडांच्या वाडीत घालतोय. धोका काय, आणि पावसाचं काय?
— एक वाचक, दापोली

आठवडाभर आधी पाडेल्याला बोलावून मांडवावरच्या माडांचे तयार नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घ्या. शेजारी आंबा असेल तर फांद्यांवर हुमल्यांची, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांची, पानं शिवलेली घरटी आहेत का ते बघा. फांदीला माळा बांधायला गेलं की ते अंगावर उतरतात.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर सह्याद्रीकडून, म्हणजे पाठीमागून येतो, म्हणून समुद्राकडचं निरभ्र आभाळ बघून निर्धास्त होऊ नका. नोव्हेंबरात तो धोका कमी, पण वादळाचा असतोच. फयान या किनाऱ्यावर आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला. पडवी आणि माजघर चाळीस माणसांसाठी रिकामं करून ठेवा. चूल मांडवाबाहेर पण छपराखाली असू द्या, आणि सोलकढी पंगतीच्या फक्त तासभर आधी काढायला सांगा. नारळाचं दूध त्या उन्हात फार वेळ टिकत नाही.