माल वाढला, विक्री घटली. मीच कमी पडतोय का?

विक्रीच्या नोकरीतली बरीच माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. कंपनी यादीत नवा माल घालत जाते, आकडे घसरतात आणि दोष ती स्वतःच्या माथी घेतात.

इंदूरच्या सुदामानगरातले एक गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) नमकीन कंपनीत सेल्समन. मल्हारगंजची दुकानं वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. पंधरा-वीस प्रकार होते तोवर यादी तोंडपाठ, दुकानदाराच्या घरची खुशाली विचारायलाही वेळ असे. मग चवी वाढल्या, पाच-दहा रुपयांची पाकिटं आली, वर खाकरे, मखाणे. प्रकार साठावर गेले. दुकानात मिळणारी मिनिटं तेवढीच राहिली. पहाटे चारला जाग यायची आणि डोक्यात मालाची नावं सुरू. "मॅडम, स्मरणशक्ती गेली का हो माझी?"

ती शाबूत होती. टार्गेट मात्र दोन होती: एक रुपयांचं, दुसरं लाइन्सचं, म्हणजे प्रत्येक बिलात ठरावीक संख्येनं वेगवेगळे प्रकार हवेतच. शेव खपवली की रुपये भरायचे, लाइन्स राहायच्या. लाइन्ससाठी मखाणे गळ्यात मारले की काही महिन्यांनी एक्सपायर होऊन परत. एका जुन्या दुकानदारानं ऐकवलंही, "भिया, अपने को भी टोपी पहना दी?" हे त्यांना टार्गेट हुकण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडलं, की कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाची मोकळीक कमी, तिथे ताण सर्वाधिक. इथे तेच चाललं होतं. म्हणून मोठी यादी वाईटच, असं मी म्हणणार नाही. एकाच वस्तूवर पोट असलेल्या सेल्समनचेही हाल पाहिलेत. ती अडली की महिना बुडाला.

हे गृहस्थ मात्र घाबरून दुकानात अख्खी यादी वाचायचे. त्यांना मी 2000 सालचा आयंगार-लेपर या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग सांगितला: 24 जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी 3 टक्के लोकांनी खरेदी केली, 6 मांडले तेव्हा 30 टक्के. (पुढच्या अभ्यासांत असा फरक दर वेळी दिसला नाही, तेही सांगितलं.) मग जुनी बिलं घेऊन बसलो. शाळेजवळच्या दुकानांत पाचची पाकिटं, डेअऱ्यांत खाकरे. एका दुकानात दोन-तीनच नव्या वस्तू दाखवायच्या, कोणत्या ते त्यांनी ठरवायचं.

साहेबांशी बोलणं अवघड गेलं. "जमत नाही" म्हणण्याऐवजी परत आलेल्या मालाचा हिशेब समोर ठेवा, एवढंच मी सुचवलं होतं. साहेब आधी उखडले. नंतर लाइन्स दर बिलाऐवजी महिन्याच्या हिशेबात धरायला तयार झाले. आकडा कमी केला नाही.

झोप बरीच सुधारली. नोकरी बदलायचा विचार अजून आहे, पण आता कारण पगाराचं सांगतात. मखाण्यांवरचा राग तसाच आहे.